ठोकलेला तळ

मी ओलोंका बोलतोय. टेचिमनच्या बाजारात मका मोजायचा पत्र्याचा डबा. आधी माझ्यात टोमॅटोचा रस होता. तो संपल्यावर मका विकणाऱ्या मामे आफ्राकोमानं माझं झाकण कापून फेकलं आणि मला मक्याच्या राशीत खुपसलं. तेव्हा काही वाटलं नाही. आताही फारसं वाटत नाही.

आमच्याकडे मका महागला तरी भाव वाढवत नाहीत; वाढवला की गिऱ्हाईक शेजारणीकडे वळतं. त्यापेक्षा डबा पालथा घालायचा आणि तळावर हातोडी मारायची. तळ आत गेला की मका कमी मावतो, वर शीग मात्र तेवढीच दिसते. सगळ्याच जणी हे करतात. मामेनं चार महिन्यांत मला चारदा ठोकलं. भाव वीस सेडीच.

ड्यूफी दर महिन्याला यायची. शहरातल्या एका बँकेसाठी ती महागाईचा आणि व्याजदराचा अंदाज बांधायची. पोरगी हुशार, पण सदा घाईत.

"मावशी, ओलोंका केवढ्याला?"

"वीस."

"अजून वीसच?"

"तुझ्यासाठी महाग करू का?"

दोघी हसायच्या. कागदावर वीस लिहिलं जायचं. माझ्यात कधी कुणी हात घातला नाही.

मामेला गिरणी हवी होती. कोपऱ्यावरचा म्हातारा आपली विकायला निघाला होता. कर्जाचा अर्जही तयार होता. ज्या व्याजदरानं कर्ज घेईल तोच शेवटपर्यंत राहणार होता. तिनं ड्यूफीला विचारलं, "आत्ता घेऊ की थांबू?"

"थांबा, मावशी. चार महिने मका जागचा हललेला नाही. महागाई उतरतेय, आता व्याजही उतरेल."

मामे थांबली. मी तिच्या मांडीवरच होतो, तिच्याच हातोडीनं ठोकलेला. बोलता आलं असतं तरी बोललो असतो का, ठाऊक नाही.

पाचव्या महिन्यात तळ अर्ध्यावर आला. अजून ठोकलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं. मग एकाच आठवड्यात बाजारभर भाव चाळीस झाला. इतर गावांतही तेच झालं असणार, कारण महागाईचा आकडा एकदम उसळला. व्याज उतरायचं सोडून चढलं. कर्ज मामेच्या आवाक्याबाहेर गेलं आणि म्हाताऱ्यानं गिरणी दुसऱ्याला विकली.

पुढच्या खेपेला ड्यूफी वजनकाटा घेऊन आली. तिनं माझ्यातला मका तोलला, काट्याकडे बघत राहिली, मग माझ्यात हात घातला. हात मनगटापर्यंतही गेला नाही.

"मावशी, मला सांगितलं का नाहीत?"

"तू भाव विचारलास, पोरी. मका किती, ते कधी विचारलंस?"

"आणि तरी माझ्या शब्दावर थांबलात?"

"सगळा बाजार ठोकतो. मला वाटलं, एवढी शिकलेली तू, ते धरूनच सांगत असशील."

ड्यूफी गोणीवर बसली.

मी अजून रोज भरतो, रिकामा होतो. ड्यूफी हल्ली आधी तोलते, मग लिहिते. तिचे अंदाज आता बरे येतात म्हणे. माझं मागणं एवढंच, भाव विचारण्याआधी माझा तळ चाचपून बघा. मला लाज वाटणार नाही.

संध्याकाळी मामे मला मक्याच्या टोपलीत घालून गिरणीवर जाते. नवा मालक तिला ओळखतो, पण नावानं हाक मारत नाही. "पुढची बाई," म्हणतो. ती पुढं होते. तेवढं मात्र मला लागतं.