नाव नसलेला बाण

“हे पान मस्त झालं, निता,” उदयसिंग सर म्हणाले. पान त्यांनी खिडकीच्या उजेडात, नाकापासून वीतभर अंतरावर धरले होते.

“नीट पाह्यलं ना, सर?”

“पाह्यलं म्हणजे? आता काय कुंकू लावू त्याले?”

सरांच्या पत्नी रुख्मिणीबाई आतून चहा घेऊन आल्या. “लावून टाका. जनमभर बाणांचाच तर संसार केला यायनं. मी आपली उगीच.”

निता हसली, सरांच्या खांद्यावरून पानाकडे वाकली, आणि तिचे हसू विरले.

मंगरूळपीरच्या बसस्थानकासमोर तिचे टायपिंगचे दुकान. अर्ज आणि लग्नपत्रिकांच्या गर्दीत ती निवृत्त सरांचे गणिताचे मराठी पुस्तक जुळवत होती. एका संचाकडून दुसऱ्या संचाकडे जाणारे बाण, आणि प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचे नाव: ‘समावेशन’, ‘प्रक्षेपण’. काचबिंदूमुळे सरांच्या डोळ्यांत काळोख कडेकडून आत सरकत होता. तो मध्यापर्यंत पोचण्याआधी पुस्तकाचे पान न् पान स्वतः तपासावे, एवढीच त्यांची आस होती.

निताने संगणकावर नावे बाणांना बांधली नव्हती. वेगळ्या चौकटींत लिहून वर नुसती ठेवली होती. काल पानाचा आकार पुस्तकाएवढा केला, तेव्हा बाण जागीच राहिले आणि नावे खाली घसरली. घाईत तिने न पाहताच छापून आणले. आता एकाचे नाव दुसऱ्याच्या डोक्यावर होते, आणि शेवटचे तर मजकुरात बुडाले होते.

हेच सर. मागच्या हिवाळ्यात एक नाव बाणाच्या मध्यावरून केसभर ढळले, म्हणून त्यांनी पान परत पाठवले होते. “अन् नाव लांब असन, तर बाण बी लांबव. लेकराच्या सदऱ्यात बाप कोंबल्यावानी दिसून राह्यलं.”

चूक कबूल करणे सोपे होते. पण ती सांगताच, सरांना ती दिसली नाही हेही त्याच वाक्यात सांगून होणार होते.

“सर, मी मोठ्यानं वाचते, तुमी आइका,” ती म्हणाली. “माया टायपिंगचा काई भरोसा नाई.”

 सरांनी पान तिच्याकडे केले. हात तिच्यापर्यंत न येता बाजूला, हवेत थांबला. तिने सरकून ते घेतले.

“वाच,” ते म्हणाले. “पह्यल्या पानापासून.”

“सगळंच?”

“सगळंच.”

त्यांचे हस्तलिखित मांडीवर घेऊन निता त्यातूनच वाचू लागली. “अ पासून ब कडे, वर समावेशन. ब पासून क कडे, वर प्रक्षेपण.” प्रत्येक बाणाला सर डोळे मिटून हुंकार देत, आणि तो आला की ती हस्तलिखितावर खूण करी, म्हणजे छापील पाने नंतर त्याबरहुकूम दुरुस्त करता येतील. रुख्मिणीबाई दाराशीच बसून राहिल्या. चहावर साय धरली.

दुपार कलली तेव्हा ती एका आकृतीशी अडखळली. तुटक रेषेचा एक बाण. त्याच्यावर काहीच लिहिलेले नव्हते.

“याचं नाव राह्यलं का, सर?”

“राह्यलं नाई.” सरांचा आवाज खाली आला. “तिथं एक बाण असावा, असं मले नेहमी वाटत आलं. सिद्ध नाई झालं मायाकडून.”

“मंग काढून टाकू?”

“कायले? राहू दे. वर जागा तेवढी मोकळी ठेव. कोनाले तरी लागन.”

निताने पेन्सिलीने बाणाच्या वर एक रिकामी चौकट आखली, आणि पान उलटण्याआधी त्यांच्या हुंकाराची वाट पाहत थांबली.