सव्विसावी विहीर

कुरुंदवाडच्या पलीकडं, नदीकाठच्या त्या गावात पोरापोरींनी युवा मंडळ काढलं, तेव्हा मीरासाब गवंड्याची तमन्ना सेक्रेटरी झाली, कारण तिचं अक्षर चांगलं होतं. पहिल्या तीन महिन्यांत मंडळानं रक्तदान शिबिर घेतलं, शाळेच्या भिंती रंगवल्या आणि साठ झाडं लावली. त्यातली निम्मी शेळ्यांनी खाल्ली. मग एका बैठकीत तमन्नानं सहज विचारलं, आपल्या गावात विहिरी किती? कुणी पंधरा म्हणालं, कुणी तीस. ते दोन्ही आकडे ऐकून तिला काही चैन पडेना.

उन्हाळाभर ती आणि मंडळाचा अध्यक्ष ऋतुराज दोरीला दगड बांधून शिवार धुंडाळत होते. खोली किती, पाणी किती, कुणी खणली, सगळं ती वहीत उतरवायची. एकूण पंचवीस विहिरी भरल्या. यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली, तशी नदीकडच्या वस्तीवरल्या म्हाताऱ्या धोंडुबाईनं नातीकडून ती वाचून घेतली आणि तमन्नाला बोलावणं धाडलं.

"माझी इहीर न्हाय त्यात," म्हातारी म्हणाली.

बहात्तरच्या दुष्काळात तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, दोघांनीच खणलेली विहीर. पुढं वस्तीवर नळ आला, विहीर वापरातनं गेली, आणि २००५च्या पुरात गाळानं बुजली. नवरा वारल्यावर म्हातारीनं विहिरीचं ते रान वस्तीवरच्याच केरबाला विकलं. केरबाला विचारलं तर तो म्हणाला, एवढी वर्षं नांगरतोय, आपल्याला कधी दगडसुद्धा लागला नाही. तलाठ्याच्या कागदातही विहीर सापडली नाही. वस्तीवरचे बाकीचे म्हणायचे, होतं खरं काहीतरी नदीच्या अंगाला, पण नेमकं कुठं ते सांगता यायचं नाही.

धोंडुबाईला मात्र पक्कं आठवत होतं. चिंचेपासून नाकासमोर नदीकडं, एकशे वीस पावलं.

रानात ऊस उभा होता, म्हणून थांबावं लागलं. जानेवारीत तोड झाली आणि केरबानं चार दिवस दिले. रविवारी ट्रॅक्टर येणार, तोवर काय शोधायचं ते शोधा, असं त्यानं बजावलं. चिंचेचं नुसतं खोड उरलं होतं. तिथून ऋतुराज एकशे वीस पावलं चालला. पहार ठोकली, गाळच गाळ. तमन्ना चालली, बरीच अलीकडं थांबली. तिथंही गाळ. म्हातारीला हाताला धरून चालवली, तर ती निम्म्यातच दमली.

म्हातारीच्या आठवणीवर विश्वास ठेवून चूक केली का, असं तमन्नाच्या मनात येऊन गेलं. तरी ती तिच्याजवळ बसली आणि विचारलं, "आज्जी, ही पावलं तुम्ही मोजली कधी?"

"पाणी आणताना. ओझं वाटू नये म्हणून मोजायची."

तमन्ना उठली ती थेट वस्तीवर गेली. कुणाची तरी तांब्याची घागर मागून आणली, काठोकाठ भरली, डोक्यावर चुंबळ ठेवून उचलून घेतली. पाणी हिंदकळू नये म्हणून पाऊल आपोआप आखूड पडायला लागलं. मान ताठ, एक हात घागरीला. मोजदाद ऋतुराज करत होता. एकशे विसाव्या पावलाला ती थांबली. त्यानं तिच्या पायाशी पहार घातली. हातभर खाली खणकन आवाज आला.

तमन्नाला घागर खाली घ्यायचंही भान राहिलं नाही.

तीन दिवस मंडळाची सगळी पोरंपोरी खणत होती. आधी घडीव दगडाचा काठ मोकळा झाला, मग एक पायरी, मग दुसरी. रविवारी ट्रॅक्टर आला. केरबा ट्रॅक्टरवरनं उतरला आणि त्यानं काठाच्या दगडावरून हात फिरवून पाहिला. मग त्यानं ड्रायव्हरला तेवढा तुकडा सोडून वळायला सांगितलं आणि दुसऱ्या पायरीवर बसून त्यानं बांधावरच्या धोंडुबाईला विचारलं, "काकी, पाणी गोडं हुतं का मचूळ?"

"खाली जा की," म्हातारी म्हणाली. "चाखून मलाबी सांग."

तमन्नानं वहीत सव्विसावा आकडा घातला. खोलीचा रकाना तिनं मोकळा ठेवला. केरबानं चपला काढल्या आणि ऋतुराजच्या हातातलं खोरं मागून घेतलं.