बोगद्यातला अबोला

नोझलवाला आणि त्याचे दाजी दोन वर्षं एकमेकांशी चकार शब्द बोलले नव्हते, आणि तरी रोज सात ते तीन एकाच पाइपाच्या दोन टोकांना उभे असायचे. पुढे हा, बोगद्याच्या खडकावर शॉटक्रीट, म्हणजे दाबाने फवारायचं काँक्रीट, मारणारा. वीस पावलं मागे, पंपाशी दाजी, त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान. कॉम्प्रेसरच्या आवाजात कानात बोळे घालूनच वावरायचं, त्यामुळे सगळा कारभार हातवाऱ्यांवर. हात वर केला की माल सोडा, मनगटं आडवी धरली की बंद. त्यांच्यातला अबोला कुणाच्या ध्यानातही आला नव्हता.

कारण होतं ताई. दाजी आठवडाभर रजेवर गावी गेले तेव्हा सांगून गेले, "किरकोळ ताप आहे तिला." नवव्या दिवशी निरोप आला, तोवर सगळं उरकलं होतं. आई गेल्यावर ज्या बहिणीने त्याला वाढवलं, तिचं तोंडही त्याला दिसलं नाही. दाजी कामावर परतले, त्या दिवसापासून त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहणंच सोडलं. त्यांच्या हातांकडे तेवढं पाहायचा. लग्न त्याने केलं नव्हतं. सुट्टी झाली की खोलीवर जायचं, नखांतलं सिमेंट काढत बसायचं, आणि बाहेर पोरं खेळत असली की खिडकी उघडी ठेवायची.

हात मात्र त्याचा सोन्याचा. नोझल खडकाला काटकोनात, दोन-तीन हात अंतरावर, खालून वर, लहान लहान गोल घेत. खडकावर ठोकलेल्या लोखंडी जाळीच्या मागे पोकळी राहू द्यायचा नाही. त्याच्या भिंतीवरून माल उडून खाली पडायचा तोही इतरांच्या निम्मा.

त्या मंगळवारी नोझल एकाएकी कोरडं पडलं. त्याने मनगटं आडवी धरली, पंप थांबला. पाइप ठोकत ठोकत तो मागे आला. पंपाजवळच्या वळणावर ठोका बद्द वाजला. माल तिथे तुंबला होता. आता नियम असा की दाजींनी पंप उलटा फिरवून आतला दाब काढायचा, अंगठा वर करायचा, आणि मगच जोड उघडायचा. अंगठा पाहायला मान वर करावी लागते. त्याने केली नाही. इतका वेळ झालाय, दाब गेलाच असेल, असं मनाशी म्हणून तो खाली वाकला आणि जोडाच्या कडीला हात घातला.

दाजी ओरडले. त्याला काय ऐकू येणार! तेव्हा ते धावत आले आणि त्यांनी त्याला खांद्याने बाजूला लोटलं. त्याच क्षणी कडी सुटली. तुंबलेला माल तोफेसारखा फुटला आणि दाजींच्या तोंडावर बसला. त्यांचा चष्मा कुठल्या कुठे उडाला.

सिमेंट डोळ्यात गेलं की पाण्याखेरीज दुसरा देव नाही. त्याने त्यांना ओढत नळाशी नेलं, डोकं मांडीवर घेतलं, बोटांनी पापण्या फाकवल्या आणि पाणी सोडलं. दवाखान्याची गाडी येईपर्यंत धार थांबवायची नव्हती. कुणीतरी कॉम्प्रेसर बंद केला. त्याने कानातले बोळे उपटून फेकले.

"दाजी, हलू नका. डोळा मिटू नका."

"आग होतेय रे."

"होऊ दे. मी आहे ना."

दाजींनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. ते न सोडताच म्हणाले, "तुला कळवू नका असं तिनं म्हटलं नव्हतं. मीच नाही कळवलं तुला."

"आत्ता राहू द्या ते."

"नाही, ऐक. मला वाटायचं, उद्या उठेल. तुला बोलावलं, तर ती जाणार हे मीच कबूल केल्यासारखं होईल. भ्यालो मी."

पाण्याची धार त्याने नीट धरून ठेवली.

"शेवटी मला विचारत होती," दाजी म्हणाले, "धाकटा आला का म्हणून. मी म्हटलं, वाटेत आहे."

डॉक्टर म्हणाले, लगेच धुतलंत म्हणून एक डोळा पूर्ण वाचला. दुसऱ्याने दाजींना उजेड कळतो, माणूस कळत नाही. चौकशीत त्याने स्वतःहून सांगितलं, "चूक माझी. खूण न बघता मी जोड उघडला." महिनाभर त्याला नोझलवरून उतरवलं, ते त्याने निमूटपणे सोसलं. दाजींचं बोगद्यातलं काम मात्र कायमचं सुटलं. ते लेकीकडे राहायला गेले, गाडीने दिवसभराच्या वाटेवर. निघताना त्यांची पेटी याने उचलली, पण जाऊ नका असं म्हणायला जीभ वळली नाही. कुठल्या तोंडाने म्हणणार?

आता पंपावर नवा माणूस आहे, कामाला चोख. दर रविवारी नोझलवाला दाजींना फोन करतो. डोळ्यात औषध घातलं का, नातीची शाळा कशी आहे, असलं काहीबाही पाच मिनिटं बोलणं होतं. मग दाजी म्हणतात, "बरं, ठेवू?" तो "हो" म्हणतो, आणि पुढचा अख्खा रविवार उरलेला असतो.