सगळे येणार होते

शाळेतून निवृत्त झाल्यावर योगीराज सरांना एकच काम उरलं होतं, आमंत्रणं स्वीकारायचं. त्यांच्या फोनवर 'गावकरी मंडळ' होतं, त्यातून भांडून निघालेल्यांचं 'गावकरी मंडळ (खरे)' होतं, आणि दोन्हींना कंटाळलेल्यांचं 'गावकरी – फक्त कामाचं' होतं. तिन्हींत माणसं तीच. कुणी जयंतीच्या समितीत घेतलं, कुणी वृक्षारोपणाच्या बैठकीला बोलावलं, की सर आधी 'येणार'वर बोट ठेवायचे आणि मग बैठक कशाची ते वाचायचे.

सरांचंच कशाला, लोहाऱ्याजवळच्या त्या गावात बोलावणाऱ्याला तोंडावर नाही म्हणायची रीतच नाही. 'येतो की' म्हणायचं असतं. जायचं की नाही ते नंतर ठरतं. आणि बोलावणारा स्वतः घरी आला, ओट्यावर टेकला, 'या बरं का' म्हणून उठला, तरच जायचं ठरतं. एवढं सगळं ठाऊक असून सरांनी जैनोद्दीनला भलताच सल्ला दिला.

जैनोद्दीन गावातला शिंपी, सरांचा पहिलीपासूनचा दोस्त. त्याची मुलगी शाहिस्ता धाराशिवला नर्सिंग शिकत होती. सकाळची एसटी बंद झाली आणि तिचे हाल सुरू झाले. जीप भरल्याशिवाय हलायची नाही, आणि ती भरून पोचेपर्यंत पहिला तास संपलेला असायचा. हजेरी आणखी घटली तर परीक्षेला बसू देणार नाही, असं कॉलेजनं बजावलं होतं. जैनोद्दीननं एसटी डेपोत खेटे घालून तिथल्या साहेबांना गावात यायला राजी केलं. साहेब म्हणाले, "गुरुवारी सकाळी येतो. ज्यांना गाडी पाहिजे ते समोर दिसू द्या. सह्यांचे कागद लई बघितले."

"दुकान बंद ठेवतो अन् घरोघर फिरून सांगतो," जैनोद्दीन गळ्यातली टेप काढत म्हणाला.

"कुठल्या जमान्यात हाईस जैनू? ग्रुपवर टाकू. येणार, न्हाय, बघू. लोक बोट लावतील, आकडा आपोआप दिसंल."

"घरी न जाता? लोक मनाला लावून घेतील की."

"घरी गेलास की आधी त्येंचे गुडघे, मग पोराची सोयरीक, मग भावकीचा बांध. एक आळी व्हायला दिवस जाईल."

"ते ऐकायलाच तर जायचं असतं यार," जैनोद्दीन हसला. पण शिकलेल्या दोस्ताचं त्यानं ऐकलं.

संध्याकाळपर्यंत 'येणार'चा रकाना ओसंडून वाहिला. पुण्यात राहणाऱ्यांनी बोट लावलं. वर्षभर अंथरुणाला खिळलेल्या बंडप्पानं लावलं. 'न्हाय'मध्ये कुणीच नव्हतं. 'बघू'वर एकट्या धुळाप्पानं बोट ठेवलं, तर गावाच्या कामात खोडा घालतो म्हणून त्याला तिन्ही ग्रुपवर शिव्या पडल्या.

जैनोद्दीनचे डोळे भरून आले. "योग्या, आपलं गाव लई चांगलं हाय रे." त्यानं मशिदीतल्या आणि देवळातल्या, दोन्हीकडच्या खुर्च्या एसटी स्टँडवर मांडायला मागून आणल्या.

गुरुवारी सकाळी सर आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. तेवढ्यात तालुक्याच्या ज्येष्ठ नागरिक समितीच्या ऑनलाइन बैठकीची लिंक आली. तिलाही त्यांनी 'येणार' म्हटलेलं होतं. आज पदं वाटली जाणार होती.

"जैनूभावजींची मीटिंग हाय न्हवं?" अयोध्याबाईंनी आतून नवऱ्याला विचारलं.

"हाय की. जातोच. पन तिथं अख्खं गाव असणार. मी जरा मागं-पुढं झालो तर काय अडतंय?"

कॅमेरा बंद ठेवून सर आपलं नाव पुकारायची वाट बघत बसले. अध्यक्ष झाले, तीन उपाध्यक्ष झाले, सहचिटणीसही झाले. शेवटी 'इतर सदस्य' म्हणून जी नावं घाईघाईनं वाचली, त्यात आपलं होतं की नाही हे सरांना नीट ऐकू आलं नाही.

ते स्टँडवर पोचले तेव्हा साहेबांची गाडी निघून गेली होती. मांडलेल्या खुर्च्यांच्या रांगांत एकटा धुळाप्पा बसला होता. जैनोद्दीन, त्याची बायको मैमुना आणि शाहिस्ता खुर्च्या गोळा करत होते.

"बाकीचे?" सरांनी विचारलं.

"कुठले बाकीचे, सर?" धुळाप्पा म्हणाला. "मला शिव्या घातल्या म्हनून म्या आलो. साहेब लई वेळ बसले. जैनूभाईनं फोन दावला, बघा साहेब, इतके येणार हाईत. साहेब म्हनले, चाचा, गाडीत फोन बसत न्हाईत, मानसं बसत्यात. अन् गेले की उठून."

सरांनी एक खुर्ची उचलली. जैनोद्दीननं ती त्यांच्या हातातून हळूच घेतली. "राहू दे. तुझी कंबर दुखंल."

परतताना सरांनी आळीतल्या मथुराबाईंना दारातच गाठलं. "तुमी आला न्हाईत?"

"आमाला कुनी सांगाया आलंच न्हाय."

"फोनवर येणार म्हनला होता की!"

"ते व्हय. ते तर म्हनायचंच असतंय. न्हाय म्हनलं तर जैनूभाईला काय वाटंल?"

एसटी काही सुरू झाली नाही. पावसाळा सरता सरता शाहिस्ताचं नाव परीक्षेच्या यादीतून गेलं, म्हणजे वर्ष गेलं. कळल्यावर सर जैनोद्दीनच्या घरी गेले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं: चूक माझी, तुला फिरू दिलं नाही, आणि घरात रिकामा असून मी वेळेवर आलो नाही.

जैनोद्दीन मशीनवर कुणाचा तरी परकर शिवत होता. त्यानं बस म्हटलं, पावसाचं विचारलं, सुनेचं विचारलं. बाकी काही विचारलं नाही.

शाहिस्ता काज करता करता थांबली. "काका, त्या दिवशी तुमी उशिरा आलात, बरं नव्हतं का?"

सरांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला.

"अब्बा म्हनत होते, काका येळेवर यायचे न्हाईत असं व्हायचंच न्हाय. नक्की कायतरी दुखलं-खुपलं असल."

सरांनी जैनोद्दीनकडं पाहिलं. त्याची मान शिवणीवरून वर आली नाही. मशीन मात्र थांबलं होतं.

"व्हय," सर म्हणाले. "जरा ताप होता."

मशीन पुन्हा चालू झालं.

"या अल्ला, अन् आमाला पत्ताच न्हाय! कुनी बघायलाबी आलो न्हाय तुमाला," मैमुना हळहळली. "हे बदलतं वारं लई वाईट, भाईजान. अजून चेहरा उतरलेलाच हाय." ती लगबगीनं आत गेली आणि तुळस, सुंठ, मिरे घालून काढा उकळून घेऊन आली.

सर तो कडू काढा घोट घोट करत पूर्ण प्याले. मैमुना समोर उभी होती, पेला रिकामा झाल्याची खात्री करत.