चौऱ्याण्णवची पेटी

त्या गुरुवारीही आई आणि मी चर्चच्या तळघरात अंत्यविधीच्या पत्रिका लावत बसलो होतो. अमेरिकेत, जॉर्जियातल्या आमच्या गावचं वर्तमानपत्र पूर्वी काळ्या माणसांच्या मरणाची दखल घेत नसे, तेव्हापासूनची ही पत्रिका छापून वाटायची रीत. वर फोटो, आत आयुष्य, शेवटी मागे राहिलेल्यांची नावं. आईने चाळीस वर्षं त्या जमवल्या. प्रत्येकीच्या पाठीवर पेन्सिलीने लिहायची, कोण आलं, कोण रडलं.

"हात धुतलेस? मासा खाऊन आलीयस."

"धुतले गं."

"मग वास कुणाचा येतोय, पाद्रीबाबांचा?"

मी दारू गाळणाऱ्या क्लीटसची पत्रिका उचलली. "ह्याचीसुद्धा ठेवायची?"

"देवाने ठेवून घेतला, आपण कोण नको म्हणणार? इथे कुणाचा कागद दडवायचा नाही, व्हर्निटा."

मी १९९४ ची पेटी ओढायला वाकले.

"ती राहू दे. बुरशी आहे तिला, तुझा दमा उठेल. मी बघते." हे नेहमीचंच.

शनिवारी पहाटे आई झोपेतच गेली.

तिची पत्रिका मलाच लिहायची होती. आजीचं माहेरचं नाव काही आठवेना. मावशी चौऱ्याण्णवमध्ये वारली, तिच्या पत्रिकेत ते असणार. नाकाला रुमाल बांधून मी पेटी उघडली. बुरशी कुठेच नव्हती.

मावशीच्या मागेच, तारखेप्रमाणे लावलेली, रॉस्को टिलरींची पत्रिका. माझे वडील. मी चार वर्षांची असताना ते दूर उत्तरेत डेट्रॉइटला गेले आणि आपल्याला विसरले, असं आई सांगायची. पत्रिका मेकनच्या चर्चची होती, इथून तासाभरावर. "मागे एकुलती मुलगी व्हर्निटा." तेव्हा मी एकतीस वर्षांची होते.

पाठीवर आईचं अक्षर: मी गेले होते. पहिला बाक रिकामा होता.

पहिला बाक घरच्यांचा असतो.

जिन्यावरून चर्चचा कारभार बघणारे डीकन लुशस ओरडले, "पोरी, झालं का लिहून? छापखानेवाला खोळंबलाय!"

"येते."

आईच्या खुर्चीच्या पाठीवर तिचा स्वेटर तसाच होता. वडिलांचं नाव निघालं की तिचा चेहरा पडायचा, म्हणून मी जन्मभर ते काढलं नाही. आता रुमाल सोडला आणि मोठ्याने म्हणाले,

"मला बाबा हवे होते, आई. रोज हवे होते."