मागून पहिला सिलिंडर

शनिवारी सकाळपासून हरिदासचा पाय एका जागी ठरत नव्हता. कॉव्हेंट्रीच्या त्या छोट्या म्युझियममध्ये शंभर वर्षांपूर्वीचं एक मोटारीचं इंजिन होतं, आठ सिलिंडर एका रांगेत. बारापर्यंत ते चालू झालं नाही तर सोमवारी कापायला जाणार होतं. पोट उघडं करून शाळेच्या मुलांना आतलं दाखवायचं म्हणे! म्युझियम सांभाळणारी कल्याणी इथेच जन्मलेली, मनाने चांगली पोर, पण वरून हुकूम आल्यावर ती तरी काय करणार.

कापलेलं इंजिन कायमचं मेलं, हे हरिदासला कोणी सांगायला हवं? इथल्या कारखान्यात त्याने चाळीस वर्षं इंजिनं जोडली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याला तो कान किटेपर्यंत ऐकवायचा: आठ सिलिंडरची इंजिनं आधी फ्रान्समध्ये आली, शर्यतीच्या गाड्यांत, बोटींत. १९०५ साली इंग्लंडातही तशी गाडी निघाली, आणि गंमत बघा, ताशी वीस मैलांच्या वर जाऊच नये अशी बांधलेली, कारण कायदाच तसा होता. तीन बनल्या, आज एकही उरलेली नाही.

आणि म्युझियममधलं हे वाचलेलं इंजिन मात्र खोकण्यापलीकडे जाईना.

दोन वर्षांपूर्वी शशी म्हणाला होता, हे इंजिन बनवणाऱ्यांनी सिलिंडर मागून मोजलेत. शशी विहारातला जुना दोस्त, दोघेही इथे फुकट राबायचे. हरिदास चारचौघांत फटकन बोलला होता, तू जन्मभर बस चालवलीस, मला इंजिन शिकवू नकोस. शशी पुन्हा म्युझियममध्ये फिरकला नाही. दर रविवारी विहारात दोघे बाबासाहेबांच्या फोटोपुढे वाकायचे आणि एकमेकांना जय भीम न करता बूट घालायचे.

अकरा वाजता चुळबुळ करत हरिदासने इंजिनाच्या मागच्या टोकावर नख घासलं. त्यानेच हौसेने लावलेल्या हिरव्या रंगाची खपली निघाली. खाली ठोकलेला आकडा होता: एक.

हात्तिच्या! उलट मोजलं तरी पेटण्याचा क्रम तोच राहतो, फक्त प्रत्येक ठिणगी एक फेरा उशिरा, सिलिंडर रिकामा असताना पडते. म्हणून तर दोन वर्षं सगळं बरोबर वाटत होतं. त्याने आठही वायरी बदलल्या. आता बटण दाबलं की झालं, कोणाला कळणारही नव्हतं. बोट बटणापर्यंत गेलं आणि मागे आलं. त्याने फोन लावला.

"शशी, मागूनच मोजायचं होतं रे. तुझं बरोबर होतं, मीच माजलो होतो. ये, बटण तू दाब."

पलीकडून फोन कट झाला.

पावणेबारा झाले. कल्याणी म्हणाली, काका, प्लीज, तुम्हीच दाबा ना, वरचे लोक ऑफिसमध्ये वाट बघतायत. हरिदासने मान हलवली. दारापासून इंजिनापर्यंत आणि परत, त्याच्या येरझाऱ्या चालू होत्या. इंजिन जाईल, शशीही येणार नाही, असं वाटून तो दर फेरीला दाराबाहेर डोकावत होता.

बाराला चार मिनिटं असताना शशी आला, घरातल्या सपाता घालूनच. त्याने हरिदासकडे पाहिलंही नाही. सरळ जाऊन बटण दाबलं.

एक खोकला, भकाभका धूर, आणि मग आठही एका सुरात लागले. जमीन थरथरायला लागली. हरिदासला रडू आवरेना.

तेव्हा कुठे शशीने त्याच्याकडे पाहिलं आणि काहीतरी म्हणाला. त्या आवाजात शब्द ऐकू येणं शक्यच नव्हतं. पण ओठ हरिदासने ओळखले, आणि त्यानेही ओरडून जय भीम केला.