नीलम्माच्या गळ्यातली डबी

मी एक जुनी चांदीची डबी आहे. मित्रांनो, तुमच्या मुठीत मावेन एवढीच. उदगीरच्या सोनाराने मला घडवलं आणि लग्नात मी नीलम्माच्या गळ्यात आले. माझ्या पोटात तिचं इष्टलिंग असे. सकाळी आंघोळ झाली की ती मला उघडायची, लिंग डाव्या तळहातावर घेऊन विभूती लावायची, पूजा करायची. जिवंतपणी लिंग अंगावेगळं करायचं नाही आणि मेल्यावर ते माणसाबरोबरच मातीत जातं, हा त्यांचा लिंगायत धर्म. गळ्यातून न काढताच ती मला चिंचेने घासून लखलखीत ठेवायची. फार मान होता मला.

मग कोरोना आला. तिचे मालक अमृतराव यांचं धान्याच्या मोंढ्यातलं अडत दुकान बंद पडलं आणि दिवसभर हातात मोबाईल आला. लातूरच्या चुलतभावाने, श्रीशैलने, त्यावर निरोप धाडला: 'आजारबिजार काही नाही. दवाखान्यात गळ्यातलं लिंग काढून कचऱ्यात टाकतात. धर्म बुडवायचा डाव आहे.' कोणी पाहिलं, कुठे पाहिलं? एकानेही विचारलं नाही. अमृतरावांची झोप उडाली. कडी लावून बसायचे, पोटच्या पोराचाही संशय घ्यायचे. नातेवाईक म्हणाले, भक्ती वाढली. कसली भक्ती! माणूस आतून ढासळत होता आणि त्याला डॉक्टरकडे न्यावं असं कोणाच्या मनातही आलं नाही.

अशात नीलम्माला ताप भरला. तिला धाप लागली, ती मला छातीवर कळत होती. मुलगा उमाशंकर गाडी काढायला निघाला, तर अमृतराव दारात आडवे.

"लिंग काढतेत तिचं! बिगर लिंगाची माती करतेत!"

"बाबा, आईला श्वास घेता यीना गेलाय!"

"न्हाई म्हंजे न्हाई."

असेच दोन दिवस गेले. शेवटी नीलम्माच उठून बसली. तिने लग्नानंतर पहिल्यांदाच मला लिंगासकट गळ्यातून उतरवलं आणि नवऱ्याच्या हातात ठेवलं.

"याचीच काळजी हाय ना तुमाला? मग तुमीच सांभाळा. वापस आल्यावर घालते."

ते दारातून बाजूला झाले, उमाशंकरने तिला दवाखान्यात नेलं, पण फार उशीर झाला होता. नीलम्मा परत आली नाही. तिची माती तिकडेच परस्पर झाली, घरच्यांना जवळ जाऊ दिलं नाही. ज्याच्या भीतीने तिला अडवलं, तेच अमृतरावांच्या हातून घडलं. ती बिगर लिंगाची गेली आणि मी घरात राहिले.

पुढे श्रीशैल भेटायला आला. त्याच्या गळ्यात त्याची डबी चमकत होती.

"मी बी दवाखान्यात होतो की, दादा. लई चांगलं बघितलं मला डाक्टरांनी."

"अन् तुझं लिंग?"

"गळ्यातच होतं. कोण काढतंय?"

"मग त्यो निरोप?"

"आला तसा पुढं ढकलला."

एवढं बोलून तो चहा पिऊन गेला! मला तोंड असतं तर त्याला उंबऱ्यातच जाब विचारला असता.

आता अमृतराव मला मुठीत आवळून बसतात. जेवत नाहीत, माझ्याशीच बोलतात. नातेवाईक म्हणतात बाहेरचं लागलंय, गंडे आणून बांधतात. उमाशंकर मनाच्या डॉक्टरकडे चला म्हणतो, तर हे म्हणतात, "डाक्टर डबी काढून घेतंय."

मित्रांनो, घेतली तर घेऊ द्या. त्यांना एकदा डॉक्टरकडे न्या. आणि माझ्या नावाने पुन्हा कोणाचं दार अडवू नका. मी चांदीची आहे, मला श्वास घ्यावा लागत नाही. नीलम्माला लागत होता.